पहिल्या ओळीचा अंमल

(रहाटणी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)

या अभ्यासवर्गासाठी विषय निवडण्याची मोकळीक संयोजकांनी मला दिली, तेव्हा कंत्राटी पद्धत किंवा किमान वेतन असा एखादा विषय मी घेईन अशी त्यांची अपेक्षा असणार. मी घेतलेला विषय वरवर पाहता अगदीच क्षुल्लक वाटेल. फोनवर आपण काही शोधू लागलो की दोन-चार अक्षरे उमटताच शोधपेटीखाली एक यादी उलगडते. तुम्हाला हे विचारायचे आहे काय, की ते, असे ती यादी सुचवत असते. त्या यादीची मांडणी कशी असते, तिच्यात वर काय येते, ठळक काय दिसते आणि त्या मांडणीमुळे आपले बोट, व बोटामागोमाग आपला विचार, कोणीकडे वळतो, एवढाच आजचा विषय आहे. कंत्राटी पद्धतीशी त्याचा संबंध नाही असे मात्र कोणी समजू नये. तो संबंध कसा आला हे सांगूनच मी सुरुवात करतो.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण कामगार माझ्या घरी आला. चाकणच्या पट्ट्यात एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत काम करणारा, येथेच रहाटणीत तिघांबरोबर भाड्याच्या खोलीत राहणारा. त्याच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीची रक्कम महिन्याच्या महिन्याला कापली जात होती, परंतु ती खात्यात जमा होत नव्हती. प्रश्न सरळ होता आणि हक्काचा होता: कापलेले पैसे गेले कोठे? त्याने फोन उघडला आणि शोधपेटीत ‘पीएफ’ एवढीच दोन अक्षरे टाकली. यादी उघडली. पीएफ कसा काढायचा, पीएफ शिल्लक कशी पाहायची, पीएफ ग्राहक सेवा क्रमांक, अशा एकाखाली एक ओळी. कंत्राटदार पैसे भरत नसेल तर काय करावे, अशी ओळ त्या यादीत नव्हती. त्याने ‘ग्राहक सेवा क्रमांक’ या ओळीवर बोट ठेवले. पुढच्या पानावर जे पहिले दिसले ते उघडले, तेथील क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या माणसाने गोड बोलून आधी ‘शुल्क’ घेतले आणि मग फोनवर आलेला सांकेतिक क्रमांक विचारून घेतला. खात्यातले होते नव्हते तेवढे पैसे गेले.

फसवणूक करणारा चोर होता, हे उघड आहे. अशा वेळी १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, हेही येथे नोंदवून ठेवतो. परंतु मला अस्वस्थ केले ते त्या मुलाच्या एका वाक्याने. तो म्हणाला, “काका, मी काही निवडलंच नाही. जे वर आलं ते दाबलं.”

या वाक्याचा विचार करावा तेवढा थोडा आहे. त्याचे पैसे गेले ही पहिली हानी. दुसरी हानी त्याहून सूक्ष्म आहे. तो प्रश्न घेऊन आला होता मालकाविषयीचा, म्हणजे हक्काचा. यादीने त्याच्या हातात दिला तो ग्राहकाचा प्रश्न. कामगार म्हणून त्याने पेटीत दोन अक्षरे टाकली आणि ग्राहक होऊन तो बाहेर पडला. मधल्या दोन-तीन क्षणांत त्याचा प्रश्न बदलला गेला, आणि तो बदलल्याचे त्याला कळलेही नाही.

आता ही गोष्ट कारखान्यातल्या माणसाला समजावून सांगणे अवघड नसावे. हा सगळा पट्टा, पिंपरीत १९५४ साली सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून आजच्या चाकणपर्यंत, मांडणीचे शास्त्र हातांनी शिकलेला आहे. जुळणीच्या लाइनवर नट-बोल्टचा बिन कोठे ठेवायचा, हत्यार डाव्या हाताला टांगायचे की उजव्या, कोणत्या बिनवर दिवा लागला म्हणजे कोणता भाग उचलायचा, हे कामगार ठरवत नाही. ते आधीच ठरवलेले असते. ‘पोका-योके’ हा जपानी शब्द आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. चूक करणे अशक्यच व्हावे अशी रचना, असा त्याचा अर्थ. भाग उलटा बसतच नाही, कारण साचाच तसा केलेला असतो. कामगाराला कोणी हुकूम देत नाही. त्याच्यापुढे वस्तू अशा मांडल्या जातात की हात आपोआप अपेक्षित दिशेलाच जावा. हुकमापेक्षा मांडणी स्वस्त पडते आणि तिच्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही, हे व्यवस्थापनाने फार पूर्वी ओळखले. जे लाइनवर हाताच्या बाबतीत झाले, तेच शोधपेटीखालच्या यादीत मनाच्या बाबतीत होत आहे. फरक एवढाच की लाइनवर आपण पगार घेऊन उभे असतो आणि मांडणी मालकाची आहे हे आपल्याला ठाऊक असते. येथे मात्र आपण स्वतंत्र आहोत अशी आपली समजूत असते.

या यादीचा इतिहास फार जुना नाही. गूगल कंपनीने २००४ साली ती प्रयोग म्हणून आणली आणि २००८ पासून तिच्या मुख्य पानावर ती सर्वांसाठी सुरू झाली. २०१८ साली कंपनीने स्वतःच सांगितले की या सोयीमुळे टंकलेखन सरासरी पाव हिश्श्याने कमी होते आणि जगभरात मिळून दररोज दोनशे वर्षांहून अधिक काळाइतके टंकलेखन वाचते. आकडा डोळे दिपवणारा आहे. कंपनीचे असेही म्हणणे आहे की या ‘सूचना’ नव्हेत, ही ‘भाकिते’ आहेत. तुम्ही काय विचारणार आहात याचा आम्ही अंदाज बांधतो, तुम्ही काय विचारावे हे सांगत नाही. हा भेद कागदावर योग्य असेल. परंतु थकून आलेल्या माणसापुढे पाच ओळी ठेवल्या आणि त्यांपैकी एकीवर बोट ठेवले की काम भागते असे केले, तर भाकीत आणि सूचना यांत व्यवहारात काय अंतर उरते?

मांडणीकडे जरा बारकाईने पाहू. आपण टाकलेली अक्षरे साध्या ठशात दिसतात आणि यंत्राने जोडलेले शब्द ठळक. म्हणजे आपले शब्द फिके आणि त्याचे शब्द गडद! कारण उघड आहे. नजर फरकावर पडावी, वाचणे जलद व्हावे. पूर्वी शोधलेल्या ओळीपुढे घड्याळाचे चिन्ह असते, सध्या चलती असलेल्या विषयापुढे वर चढणाऱ्या बाणाचे. प्रसिद्ध व्यक्ती किंवा वस्तू असेल तर शेजारी छोटे चित्रही येते, आणि चित्र असलेली ओळ नुसत्या अक्षरांच्या ओळीला झाकून टाकते, हे निवडणुकीत काम केलेल्यांना सांगायला नको. संगणकाच्या पडद्यावर अशा आठ-दहा ओळी मावतात. फोनवर अर्धा पडदा कळफलकानेच व्यापलेला असतो, त्यामुळे नजरेच्या टप्प्यात मोजक्याच ओळी राहतात. आणि आपल्या वस्तीतील बहुसंख्य माणसांकडे संगणक नाही, फोनच आहे. ज्याचा पडदा लहान, त्याच्यापुढील पर्यायही थोडे. येथेही गरिबाच्या वाट्याला अरुंद खिडकी आली आहे.

ही केवळ माझी समजूत नाही, तिच्यामागे अभ्यास आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शोधाच्या उत्तरांतील पहिल्या दोन ओळींची त्यांनी गुपचूप अदलाबदल केली. तरीही लोक पहिल्या जागी असलेल्या ओळीवरच अधिक बोट ठेवत राहिले. म्हणजे विश्वास मजकुरावर नव्हता, जागेवर होता. २०१४ साली सूचनांच्या यादीविषयीच असा अभ्यास झाला. वाचणाऱ्याच्या डोळ्यांची हालचाल यंत्राने टिपण्यात आली आणि काही वेळा यादी मुद्दाम वाईट क्रमाने ठेवण्यात आली. क्रम चांगला असो वा वाईट, वरच्या ओळींकडे असलेला ओढा कायम राहिला. क्रम बिघडला तेव्हा लोक यादी कमी वापरू लागले आणि त्यांच्या कामावरही परिणाम झाला, परंतु ‘वरचे ते बरे’ ही सवय काही मोडली नाही.

युरोपीय आयोगाने २०१७ साली गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड ठोठावला, तेव्हा दिलेले आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. संगणकावर शोधाच्या पहिल्या पानावरील दहा उत्तरांना मिळून सुमारे ९५ टक्के भेटी मिळतात. एकट्या पहिल्या उत्तराला सुमारे ३५ टक्के, आणि दुसऱ्या पानावरच्या पहिल्या उत्तराला सुमारे एक टक्का. पहिले उत्तर उचलून तिसऱ्या जागी ठेवले तर त्याच्या भेटी जवळजवळ निम्म्याने घटतात. मजकूर तोच, एक अक्षर न बदलता. लहान पडद्यावर हा परिणाम आणखी तीव्र होतो, असेही आयोगाने नमूद केले. हा दंड युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायम केला.

आपल्या देशाशी निगडित असा एक प्रयोगही आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात रॉबर्ट एपस्टाइन आणि रोनाल्ड रॉबर्टसन या संशोधकांनी भारतातील दोन हजारांहून अधिक अनिश्चित मतदारांना एका बनावट शोधयंत्राकडे नेले आणि उत्तरांचा क्रम निरनिराळ्या गटांसाठी निरनिराळ्या उमेदवारांना अनुकूल असा लावला. अमेरिकेतील आधीच्या प्रयोगांसह त्यांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या मते अशा क्रमाने अनिश्चित मतदारांचा कल वीस टक्के किंवा अधिक वळवता येऊ शकतो, आणि आपल्याला कोणी वळवले हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. येथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. हा प्रयोग उत्तरांच्या क्रमाचा होता, सूचनांच्या यादीचा नव्हता. आणि असे करता येते हे त्याने दाखवले, कोणी तसे केले हे नव्हे. परंतु करता येते, आणि केले तर कळत नाही, एवढे सिद्ध होणे लोकशाहीवाद्यांची झोप उडवायला पुरेसे आहे.

मित्रहो, आपण कार्यकर्ते मतपत्रिकेत मुरलेली माणसे आहोत. क्रमाचे महत्त्व आपल्याला कोणी प्रयोगाने पटवून द्यावे लागत नाही. ‘वरून तिसरे बटण’ असे सांगत आपण गल्लोगल्ली फिरलेलो आहोत. तो क्रम कोण ठरवतो? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ३८ व्या कलमात तो ठरलेला आहे. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण अमान्य पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावे वर्णानुक्रमाने. या व्यवस्थेतही प्रस्थापित पक्षांना वरची जागा मिळते, हा तिचा दोष आहे आणि आपण तो दडवू नये. तरी नियम लिहिलेला आहे, तो सर्वांना वाचता येतो, त्याच्याविरुद्ध न्यायालयात जाता येते आणि मतदानाच्या आधीच यादी प्रसिद्ध होते. शेजारच्या घरात वेगळी मतपत्रिका आणि माझ्या घरात वेगळी, असे होत नाही.

एवढ्या काटेकोर व्यवस्थेतही मांडणीतील छोटीशी गफलत काय करू शकते ते २०२४ साली आपण पाहिले. लोकसभा निवडणुकीत एका पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते आणि काही अपक्षांना मिळालेल्या बिगुलासारख्या चिन्हाचे मराठी नावही ‘तुतारी’ असे छापले गेले. साताऱ्यात विजयी उमेदवाराच्या मताधिक्यापेक्षा त्या अपक्ष उमेदवाराला पडलेली मते जास्त होती. ती सगळी मते गोंधळातूनच पडली असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. परंतु प्रश्न उभा राहिला, वृत्तपत्रांत चर्चा झाली, आयोगाकडे तक्रार गेली. कारण मतपत्रिका सर्वांपुढे होती. शोधपेटीखालची यादी मात्र ज्याच्या त्याच्या फोनवर, ज्याच्या त्याच्या पूर्वीच्या शोधानुसार, ठिकाणानुसार आणि भाषेनुसार वेगळी उमटते आणि दोन क्षणांत नाहीशी होते. तिचा पंचनामा कोण करणार?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. यादी कोणी बनवत नाही, लोक जे विचारतात तेच तिच्यात उमटते, ती समाजाचा आरसा आहे. या युक्तिवादात तथ्यांश आहे आणि तो नाकारू नये. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागासाठी एक जाहिरातमाला तयार झाली. स्त्रियांच्या चेहऱ्यांवर तोंडाच्या जागी शोधपेटी आणि ‘स्त्रियांनी’ या शब्दापुढे यंत्राने खरोखर सुचवलेली वाक्ये छापलेली होती: घरात राहावे, गुलाम असावे, स्वयंपाकघरात असावे. ते वाक्य कोणा एका अधिकाऱ्याने लिहिलेले नव्हते. जगाच्या मनातली घाण वर आली होती, हे खरे.

पण हा आरसा साधा नाही. आरशातील प्रतिबिंब पाहून माणूस मोठा होत नाही. येथे मात्र जे वर दिसते ते अधिक दाबले जाते, जे अधिक दाबले जाते ते लोकप्रिय ठरते, आणि लोकप्रिय ठरले म्हणून ते पुन्हा वर दिसते. एखादा प्रश्न पहिल्या ओळीत आहे याचे कारण लोकांना तो पडतो हे, की तो पहिल्या ओळीत आहे म्हणून लोकांना पडतो हे, काही काळाने सांगता येईनासे होते. माझ्या कामगार मित्राचा प्रश्न या पट्ट्यातील असंख्य कामगारांचा असणार. तरीही तो यादीत नव्हता, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाने ‘पीएफ’ लिहून जी ओळ समोर आली तीच दाबली असणार. अशा रीतीने पुष्कळांचा खरा प्रश्न मोजदादीत येतच नाही, आणि मोजदादीत नाही म्हणून तो अस्तित्वातच नाही असे ठरते.

यात भाषेचाही पेच आहे. आपला माणूस मराठीत विचार करतो, रोमन अक्षरांत टाकतो, आणि यादी त्याला इंग्रजी किंवा हिंदी ओळी दाखवते. ‘तक्रार’ हा शब्द त्याच्या मनात असतो, समोर ‘सेवा’ येते. समोर आलेला शब्द लिहिलेला, तयार, नीटनेटका असतो. मनातला शब्द अजून जुळायचा असतो. अशा झुंजीत तयार शब्द जिंकतो.

मग समाजाने हात बांधून बसावे काय? तसे नाही, याचे उत्तम उदाहरण आपल्याच चळवळीच्या इतिहासात आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध ऐंशीच्या दशकात मुंबईत आणि महाराष्ट्रात स्त्रीवादी व आरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांनी जो लढा दिला, त्यातून १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. तो अमलात येत नाही म्हणून २००० साली मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. मग जाहिराती भिंतींवरून उठून शोधयंत्रावर गेल्या, तेव्हा २००८ साली साबू जॉर्ज पुन्हा न्यायालयात गेले. या वेळी समोर गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट होते. सप्टेंबर २०१६ मध्ये या कंपन्यांनी लिंगनिदानाशी संबंधित अशा सुमारे बावीस शब्दप्रयोगांवर आपोआप अडसर घालण्याचे न्यायालयापुढे मान्य केले. पुढे तक्रारी घेण्यासाठी अंतर्गत तज्ज्ञ समित्या नेमण्याचाही आदेश झाला. आम्ही केवळ वाहक आहोत, रस्त्याने कोण जातो याची जबाबदारी आमची नव्हे, असे म्हणणाऱ्यांना रस्त्याची आखणी त्यांचीच आहे हे मान्य करावे लागले.

या लढ्यातून दुसराही धडा घेतला पाहिजे. शब्द अडवणे हे दुधारी शस्त्र आहे. लिंगनिदान हा शब्द अडवला तर त्याविरुद्ध लिहिणाऱ्यांचे लेखही अडू शकतात. माहिती मिळवण्याच्या अधिकाराचा हा मुद्दा न्यायालयापुढेही आला, आणि रोख बेकायदा जाहिरातींवर आहे, ज्ञानावर नाही, हे स्पष्ट करावे लागले. आज स्त्री-भ्रूणाच्या रक्षणासाठी वापरलेली कात्री उद्या संपाच्या बातमीवर चालणार नाही, याची खात्री कोण देईल? म्हणून आपली मागणी ‘सरकारने यादी बनवावी’ अशी असता कामा नये. यादी कोणत्या नियमाने बनते ते सर्वांना कळावे आणि त्याविरुद्ध दाद मागता यावी, अशी ती असली पाहिजे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०१३ मध्ये असाच मार्ग काढला. प्रत्येक सूचना आधी तपासण्याचे बंधन कंपनीवर नाही, परंतु एखाद्याची बदनामी करणारी सूचना निदर्शनास आणून दिल्यावर ती काढण्याची जबाबदारी मात्र तिची आहे.

स्पर्धेच्या कायद्याखालीही थोडे काम झाले आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. २०१० पूर्वी काही प्रकारची उत्तरे त्यांच्या योग्यतेनुसार न लावता पहिल्या, चौथ्या किंवा दहाव्या अशा ठरीव जागी बसवली जात होती, ही गोष्ट त्या निर्णयात नोंदली आहे. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड फोनच्या संदर्भात आयोगाने १,३३७.७६ कोटींचा दंड केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये कंपनीला नवा फोन घेताना शोधयंत्र निवडण्याची सोय देण्याचे जाहीर करावे लागले. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा लोकांपुढे आला आणि स्वतःच्याच सेवेला वरची जागा देण्यास मनाई करण्याची तरतूद त्यात सुचवण्यात आली. त्याआधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरील तेरा प्रकारच्या मांडण्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणजे मांडणी हीसुद्धा फसवणूक असू शकते, हे तत्त्व या देशात अधिकृतपणे मान्य झालेले आहे. परंतु या सर्व तरतुदी ग्राहक आणि प्रतिस्पर्धी कंपन्या यांच्या दृष्टीने केलेल्या आहेत. ज्याचा प्रश्नच बदलला गेला त्या नागरिकाची बाजू त्यांत अजून आलेली नाही.

येथे एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. कोणी म्हणेल, ही यादी उपयोगाची नाही काय? आहे, निःसंशय आहे. ज्याचे शिक्षण चौथी-पाचवीत सुटले, ज्याला शुद्धलेखनाची धास्ती वाटते, त्याला ही यादी आधाराची काठी आहे. २०१४ च्या त्या अभ्यासातही काही लोक यादीकडे शब्द बरोबर लिहिण्यासाठी पाहतात असे आढळले. आपल्या कारखान्यांतही पोका-योकेमुळे कित्येकांची बोटे शाबूत राहिली आहेत. यंत्राशी आपले वैर नाही, कधी नव्हतेही. काठी हातात असावी, मात्र वाट काठीने ठरवू नये. दररोज दोनशे वर्षांचे टंकलेखन वाचते असे कंपनी म्हणते. छान. परंतु वाचलेला हा वेळ माणसाच्या पदरात पडला की जाहिरातीच्या पुढच्या पानाच्या, हे विचारण्याचा अधिकार श्रमाचा हिशेब ठेवणाऱ्या चळवळीला आहेच.

आता करायचे काय? मी तीन साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट वैयक्तिक सवयीची. फोन हातात घेण्याआधी आपला प्रश्न पूर्ण वाक्यात मनाशी म्हणावा, जमल्यास कागदावर लिहावा, आणि तो पूर्ण टाकूनच शोधावा. ‘पीएफ’ नव्हे, तर ‘कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर तक्रार कोठे करावी’. यादी दिसली तर शेवटपर्यंत वाचावी आणि आपला प्रश्न तिच्यात नसेल तर नाही असे समजून पुढे जावे. उत्तरांवर ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ते आधी पाहावे. पैसे देऊन मिळवलेली ती जागा आहे. सरकारी कामासाठी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, हे तपासावे, आणि शोधात सापडलेल्या कोणत्याही ‘ग्राहक सेवा’ क्रमांकावर विश्वास ठेवू नये.

दुसरी गोष्ट संघटनेची. आपल्या प्रत्येक कार्यालयात आणि वाचनालयात एक फलक असावा, त्यावर या भागातील कामगारांचे खरे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहावेत आणि प्रत्येकापुढे योग्य कार्यालयाचा पत्ता द्यावा. कंत्राटदाराने भरणा केला नाही तर मुख्य मालकालाही जबाबदार धरता येते, हे तत्त्व १९५२ च्या कायद्यापासून मान्य आहे. किती कंत्राटी कामगारांना ते ठाऊक आहे? यंत्राच्या यादीत नसलेला प्रश्न आपल्या यादीत असला पाहिजे. आणि आपली यादी लावतानाही पहिल्या ओळीचा मोह ध्यानात ठेवावा. आपल्याला सोयीचा प्रश्न वर आणि अडचणीचा प्रश्न तळाला, असे आपणही करू शकतो. माणूस तोच आहे.

तिसरी गोष्ट मागणीची. सूचनांचा क्रम लावण्याचे मुख्य निकष लोकांना कळतील अशा भाषेत प्रसिद्ध व्हावेत. यादी पूर्णपणे बंद करून कोरी पेटी वापरण्याची सोय पहिल्याच पानावर, शोधावी न लागता, मिळावी. निवडणूक, आरोग्य आणि कामगारांचे हक्क या विषयांवरील सूचनांची बाहेरच्या स्वतंत्र अभ्यासकांना तपासणी करता यावी. आणि मराठीत टाकलेल्या प्रश्नाला मराठीतच सूचना याव्यात. या मागण्या फार मोठ्या नाहीत. मतपत्रिकेसाठी जे आपण १९५१ साली मान्य केले, त्याचीच ही पुढची पायरी आहे.

शेवटी त्या तरुणाविषयी. आम्ही दोघे बसलो. मी त्याला कोरा कागद दिला आणि म्हटले, तुझा प्रश्न तुझ्या शब्दांत लिही. त्याला पुष्कळ वेळ लागला, एक-दोनदा खोडाखोड झाली. पण लिहिले ते नेमके होते. कोणत्या महिन्यापासून किती कापले आणि किती जमा झाले नाही, हे पगाराच्या पावत्यांसह त्याने मांडले. तोच मजकूर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे तक्रार म्हणून गेला आहे. त्याच्याच खोलीतील आणखी दोघांच्या पावत्या पाहिल्या तर प्रकार तोच निघाला, म्हणून तक्रारीवर आता तिघांच्या सह्या आहेत. उत्तर अद्याप आलेले नाही. त्याचा पाठपुरावा आपल्याला करावयाचा आहे आणि येथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या पावत्यांत असेच काही आढळेल त्यांनी वर्ग संपल्यावर मला भेटावे.